लोणारचा खड्डा आणि माझी लाल शाई

मुलांनो, तुम्ही कधी एवढा मोठा खड्डा पाहिलाय का, की ज्याच्या काठावरून एक फेरी मारायची तर जवळजवळ सहा किलोमीटर चालावं लागेल? आम्ही पाहिला! जानेवारी २०२३ मध्ये आमच्या सहावीच्या वर्गाची सहल बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारला गेली होती. पहाटे अंधारात एस.टी. निघाली. जालना गेलं, मंठा गेलं, अंताक्षरी म्हणून म्हणून सगळ्यांचे घसे बसले आणि एकदाचं लोणार आलं.

गावातून चालत काठापाशी आलो आणि चाळीस मुलं एकदम गप्प झाली. आमच्या वर्गाच्या बाबतीत ही घटना दुर्मीळच बरं का!

समोरची जमीन एकाएकी संपली होती. खाली भल्यामोठ्या वाडग्यासारखं गोल विवर, उतारावर दाट झाडी आणि तळाशी हिरवट पाण्याचं तळं. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आणि काठापासून खोली सुमारे १५० मीटर. म्हणजे पन्नास मजली इमारत तळाशी उभी केली, तर तिची गच्ची जेमतेम आपल्या पायाशी येईल!

पण आम्ही लोणारलाच का गेलो, ते आधी सांगायला हवं. त्यात माझी एक चूक आहे. शिक्षकांच्या चुका सहसा छापून येत नाहीत. ही येऊ दे.

झालं असं. नोव्हेंबरच्या चाचणीत मी प्रश्न घातला होता, 'लोणारचे विवर किती वर्षांपूर्वी तयार झाले?' माझ्याकडच्या माहितीपुस्तकात उत्तर होतं, सुमारे ५२ हजार वर्षांपूर्वी. वर्गाला मी तेच सांगितलं होतं. सगळ्यांनी तेच लिहिलं. एका मुलीने मात्र लिहिलं, 'सुमारे पावणेसहा लाख वर्षांपूर्वी.' मी लाल शाईने फुली मारली. एक गुण गेला.

दुसऱ्या दिवशी ती मधल्या सुट्टीत माझ्या टेबलापाशी आली. हातात वर्तमानपत्राचं घडी घातलेलं कात्रण होतं. "बाई, यात असं दिलंय..." ती म्हणाली. मी वह्या तपासत होते. मान वर न करताच म्हटलं, "अगं, परीक्षेत सांगितलेलंच लिहायचं असतं." तिने कात्रणाची घडी पुन्हा नीट घातली आणि ती जागेवर जाऊन बसली. त्यानंतर तिचा हात वर्गात वर झाला नाही. हे माझ्या लक्षात यायलासुद्धा महिना लागला.

मग सहलीसाठी लोणारच ठरलं. तयारी म्हणून मी वाचायला बसले आणि वाचता वाचता माझेच कान लाल झाले. का, ते शेवटी सांगते. आधी खाली उतरू या.

आमच्यासोबत गावातले एक वयस्कर वाटाडे काका होते. "पोराहो, सांभाळून उतरा. आन् दगड-झाडपाला काही उचलायचं नाही, हे अभयारण्य आहे," अशी ताकीद देऊन ते पुढे झाले. वाटेत त्यांनी लवणासुराची गोष्ट सांगितली. लवणासुर नावाचा राक्षस इथे जमिनीखाली लपून राहायचा आणि लोकांना छळायचा. विष्णूने सुंदर तरुणाचं रूप घेतलं, राक्षसाची लपण्याची जागा शोधून काढली, वरचं झाकण उडवलं आणि त्याला मारलं. तोच हा दैत्यसूदन. लोणार गावात दैत्यसूदनाचं फार सुंदर कोरीव मंदिर आहे. जायला विसरू नका.

गोष्ट संपली तशी मी मुलांना विचारलं, "या गोष्टीत कोणते प्रश्न लपलेत?"

थोडा विचार करून एक जण म्हणाला, "एवढा मोठा खड्डा आला कुठून?" दुसरी म्हणाली, "आणि पाणी खारट का?" अगदी बरोबर! आपल्या पूर्वजांनाही हेच प्रश्न पडले होते. प्रश्न पडला की माणूस गप्प बसत नाही. तो अंदाज बांधतो.

तळाशी बाभळीच्या सावलीत डबे उघडले. पाण्याजवळ कुजकट वास येत होता, म्हणून जरा लांबच बसलो. इथलं पाणी नुसतं खारट नाही, ते सोड्यासारखं अल्कधर्मी आहे. त्यात साधे मासे जगत नाहीत. जेवणं झाल्यावर मी एक खेळ मांडला. खेळाचे नियम दोनच. पहिला, प्रत्येकाने सांगायचं, की हा खड्डा कसा झाला असेल. कोणी कोणाला हसायचं नाही. दुसरा, इतरांनी त्या अंदाजातली खोट शोधायची. अंदाजाला हवं तेवढं झोडपा, पण अंदाज करणाऱ्याला नाही!

पहिला अंदाज आला, "ज्वालामुखी!"

हा अंदाज काही वेडगळ नव्हता. अहो, इंग्रज अधिकारी अलेक्झांडर यांनी १८२३ मध्ये या विवराची नोंद केली. त्यानंतर बराच काळ अनेक मोठमोठे भूशास्त्रज्ञ ज्वालामुखीचाच विचार करत होते. आपल्या महाराष्ट्राचा काळा कातळ, म्हणजे बसाल्ट, लाव्हारसाचाच तर बनलाय! मग खड्डाही ज्वालामुखीचाच असणार, असं कोणालाही वाटेल.

आता झोडपणं सुरू झालं. मी मुलांना एकच माहिती दिली. दख्खनचा हा लाव्हारस सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिला. एक मुलगा लगेच म्हणाला, "बाई, मग खड्डा इतक्या वर्षांत बुजला कसा नाही? माती भरून सपाट व्हायला पाहिजे होता." शाब्बास! विवराचा काठ अजून ठसठशीत आहे. म्हणजे ते कातळापेक्षा खूपच तरुण असलं पाहिजे. शिवाय नंतरच्या काळातली राख किंवा ताजा लाव्हा इथे नाही. ज्वालामुखीचा अंदाज लंगडू लागला.

दुसरा अंदाज होता, "जमीन खचली असेल." यावर आमच्या वर्गातल्या एका अबोल मुलाने अगदी नेमकं बोट ठेवलं. "खचली असती तर काठ आत झुकला असता. येताना काठाचे दगड बाहेरच्या बाजूला कललेले दिसले." मी चकितच झाले. आपल्या घाटांत कातळाचे थर कसे पायऱ्यांसारखे आडवे दिसतात, आठवा. इथे काठावर तेच थर उचलून बाहेर कलल्यासारखे आहेत. शिवाय काठ भोवतालच्या जमिनीपेक्षा उंच आहे. म्हणजे काहीतरी आतून बाहेर जोराने उधळलं होतं.

तिसरा अंदाज एव्हाना सगळ्यांच्याच ओठांवर होता. "आकाशातून दगड पडला! उल्का!"

मी म्हटलं, "आता यालाही झोडपा." मुलं गोंधळली. बरोबर उत्तरालाही झोडपायचं? हो, त्यालाही! उत्तर बरोबर आहे हे आपल्याला अजून कुठे कळलंय?

मग दोन जबरदस्त शंका आल्या. पहिली, "दगड तिरका पडला तर खड्डा लांबट होतो. चिखलात दगड मारून बघा. मग हा गोल कसा?" आणि दुसरी, "तो दगड गेला कुठे?"

मुलांनो, याच शंकांनी जगातल्या मोठमोठ्या शास्त्रज्ञांचीही झोप उडवली होती. त्यासाठी मात्र आपल्याला थेट अमेरिकेतल्या ॲरिझोनाला जावं लागेल.

तिथल्या वाळवंटात असाच एक गोल खड्डा आहे, सुमारे १.२ किलोमीटर रुंदीचा. आजूबाजूला लोखंडी उल्कांचे तुकडे पडलेले. ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट नावाचे नामवंत भूशास्त्रज्ञ १८९१ मध्ये तिथे गेले. उल्का पडून खड्डा झाला असेल, असा त्यांचाही एक अंदाज होता. पण त्यांनी तो तसाच मानला नाही. ते म्हणाले, लोखंडाचा प्रचंड गोळा खाली गाडलेला असेल, तर दोन गोष्टी दिसायला हव्यात. एक, होकायंत्राची सुई तिथे बहकायला हवी. दोन, काठावर उधळलेली माती खड्ड्यात परत भरली तर ती उरायला हवी, कारण आत गोळ्याने जागा अडवलेली असणार. त्यांनी मोजमाप केलं. सुई बहकली नाही आणि मातीही उरत नव्हती! म्हणून त्यांनी उल्केचा अंदाज सोडला आणि हा खड्डा जमिनीखालच्या वाफेच्या स्फोटाने झाला, असं ठरवलं. १८९६ मध्ये त्यांनी यावर लिहिलं, तेव्हा आपल्या लोणारशीही त्याची तुलना केली.

गंमत अशी, की गिल्बर्टसाहेबांचं उत्तर चुकलं होतं. पण त्यांनी आपली मोजमापं आणि विचार सगळ्यांसमोर उघडे मांडले होते. त्यामुळे चूक नेमकी कुठे झाली, ते पुढच्यांना शोधता आलं.

पुढे १९०३ पासून डॅनियल बॅरिंजर नावाच्या खाण व्यावसायिकाने उलट बाजू धरली. उल्काच पडली आणि लोखंडाचा गोळा खालीच आहे, याची त्यांना खात्री होती. सुमारे २५ वर्षं त्यांनी खोदकाम केलं आणि त्यात खूप पैसा ओतला. गोळा काही मिळाला नाही. उल्का पडली, हे त्यांचं म्हणणं खरं होतं. गोळा खाली आहे, हे मात्र चुकीचं होतं!

दोघांचीही चूक एकाच ठिकाणी होती. पडलेला दगड शाबूत राहतो, असं दोघांनी धरून ठेवलं होतं. प्रत्यक्षात उल्का सेकंदाला कित्येक किलोमीटर वेगाने येते. ती जमिनीवर आदळते तेव्हा तिची सगळी शक्ती एका क्षणात उष्णता आणि धक्क्याच्या रूपाने मोकळी होते. तो एक महास्फोटच! दगडाचा बराचसा भाग वितळतो, त्याची वाफसुद्धा होते. स्फोट सगळ्या दिशांना सारखाच पसरतो. म्हणून दगड तिरका आला, तरी खड्डा बहुतेक वेळा गोलच होतो.

म्हणजे आमच्या वर्गाच्या दोन्ही शंकांना उत्तर एकच होतं. "हात्तिच्या!" असा एकच गलका झाला.

पण कुणीतरी लगेच टोकलं, "बाई, हे लोणारला घडलं याला पुरावा काय?"

पुरावा दगडातच होता. ॲरिझोनाच्या खड्ड्यात १९६० मध्ये कोएसाइट नावाचं खनिज सापडलं. वाळूच्या कणांत असतं त्या क्वार्ट्‌झवर अतिप्रचंड दाब पडला की ते तयार होतं. तिथला प्रश्न मिटला. पण लोणारचा कातळ आहे बसाल्ट, त्यात क्वार्ट्‌झ जवळपास नसतंच. मग तीच खूण इथे कशी मिळणार? दुसरी खूण शोधायला हवी होती. १९६४ मध्ये लाफाँड आणि डिएट्झ या शास्त्रज्ञांनी लोणार हे उल्काविवर आहे का, असा लेख लिहिला. त्याच्या शीर्षकातच प्रश्नचिन्ह होतं! मला ते प्रश्नचिन्ह फार आवडलं.

मग तळ्यात खोल छिद्रं पाडली गेली, खालचा चुरगळलेला कातळ वर काढून तपासला गेला. १९७३ मध्ये फ्रेडरिकसन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम या भारतीय-अमेरिकी शास्त्रज्ञांनी निकाल जाहीर केला. लोणारच्या दगडात मॅस्केलिनाइट सापडलं होतं. बसाल्टमध्ये फेल्डस्पार नावाचे फिकट कण असतात. त्यांना अतिप्रचंड धक्का बसला की न वितळताच त्यांची काच बनते, ती ही. आपल्याच देशात बिहारमधल्या शेरघाटीला १८६५ मध्ये जी उल्का पडली, तिच्यात ही काच पहिल्यांदा ओळखली गेली होती. साधा ज्वालामुखी असा धक्का देऊ शकत नाही. १८२३ ते १९७३, दीडशे वर्षं लागली!

"म्हणजे आता सगळं समजलं?" मुलांनी विचारलं. छे! लोणारजवळच अंबर नावाचं एक छोटं तळं आहे. तेही त्याच उल्केच्या तुकड्याने झालं, असं काही अभ्यासक म्हणतात, तर काहींना ते पटत नाही.

आणि जून २०२० तर तुमच्याही आठवणीत असेल. लोणारचं पाणी एकाएकी गुलाबी झालं! कोणी म्हणालं शेवाळ, कोणी म्हणालं क्षार वाढले, कोणी आणखी काही. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत पाण्याचे नमुने तपासले गेले. ते पाणी काही दिवस स्थिर ठेवलं, तर गुलाबी गाळ तळाशी बसला आणि वरचं पाणी नितळ झालं. म्हणजे पाण्याला रंग नव्हताच, रंग त्यातल्या जिवांचा होता! ते निघाले हॅलोआर्किया, अतिखारट पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव. उन्हाळ्यात पाणी आटून खारटपणा वाढला आणि त्यांचं फावलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोणार सरोवराला महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून रामसर यादीत स्थान मिळालं.

आता आली माझी पाळी. पोटात गोळा आला होता, पण उठून उभी राहिले.

"मुलांनो, चाचणीत तुम्ही सगळ्यांनी ५२ हजार वर्षं लिहिलंत. ते मीच शिकवलं होतं. आता ते आपण झोडपू."

मी त्यांना दगडातल्या घड्याळांबद्दल सांगितलं. स्फोटात वितळून झालेल्या काचेवरून विवराचं वय मोजतात. एका पद्धतीत दगडात साठलेली ऊर्जा तापवून प्रकाशाच्या रूपाने मोजतात. त्यावरून १९९०च्या दशकात उत्तर आलं, सुमारे ५२ हजार. मग २०११ मध्ये दुसऱ्या घड्याळाने, म्हणजे काचेत साठत गेलेल्या आर्गॉन वायूवरून मोजलं. उत्तर आलं, सुमारे ५ लाख ७० हजार! तेही पुन्हा तपासलं गेलं आणि पुढे सुधारून सुमारे ५ लाख ७६ हजार झालं. माझ्या पुस्तकात मात्र जुनाच आकडा राहिला होता. आणि माझ्या डोक्यातही.

"आपल्या वर्गात एकीने पावणेसहा लाख लिहिलं होतं. मी तिला चूक दिली. ती पुरावा घेऊन आली, तर मी तो वाचलाही नाही. आकडा चुकणं ही माझी लहान चूक. न वाचणं ही मोठी. मला माफ कर गं."

वर्गात कोणी हसलं नाही. ती मुलगी खाली बघत मातीत काडीने रेघा ओढत होती. मला वाटलं, आता ही हसेल, टाळ्या होतील. तसं काही झालं नाही. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "बाई, पण माझा आकडापण बदलू शकतो ना? एकदा बदललाच आहे."

"हो," मी म्हटलं. "पण बदलायला नवा पुरावा लागेल. उगाच नाही."

"मग उत्तरात 'सुमारे' लिहायचं, आणि कोणत्या सालच्या मोजमापाप्रमाणे तेही लिहायचं," ती म्हणाली. तेव्हापासून आमच्या वर्गात अशा उत्तरांपुढे साल लिहायची पद्धत पडली आहे.

वर चढताना सगळ्यांना धाप लागली. काठावर आलो तेव्हा ऊन कलतं होतं आणि तळं खाली शांत पसरलं होतं. गाडीत बसताना ती माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "बाई, ते अंबर तळं जाताना दाखवाल? त्याचे दगड कसे कललेत ते बघायचंय." चालक काकांना विनंती केली, पण उशीर झाला होता. राहिलं. पुढच्या वर्षीसाठी तिने ते वहीत लिहून ठेवलं.

शाळेत परतल्यावर मी तिचा पेपर मागून घेतला. लाल फुली खोडली नाही. तिच्या शेजारी बरोबरची खूण केली, एक गुण वाढवला आणि तारीख घातली. आधी काय झालं होतं, तेही दिसायला हवं.

तर मुलांनो, तुम्हीही लोणारला नक्की जा. आणि कुठलाही किल्ला, लेणं, तळं बघायला जाल, तेव्हा माहितीफलक वाचण्याआधी दोन मिनिटं थांबा. 'हे कसं झालं असेल?' याचा आपला अंदाज वहीत लिहा. मग सोबतच्या मित्राला म्हणा, "याच्यातली खोट काढ बघू!" त्याने खोट काढली तर रुसू नका, त्याला एक चिक्की जास्त द्या.

आणि आईबाबांनो, तुमचं मूल कात्रण घेऊन टेबलापाशी आलं, तर हातातलं काम बाजूला ठेवून ते वाचा. मी महिनाभर उशीर केला. तुम्ही करू नका.